कुंकवाखालचं साल

संग्रहालयाच्या टेबलावर ठेवलेल्या बंदुकीवरचं कुंकू पुसायला अधिकाऱ्यानं फडकं उचललं, तशी हौसाबाईंनी नळीवर हात ठेवला. "पुसू नका, साहेब. दर खंडेनवमीला वाहिलंय मी."

"आजी, पुसल्याशिवाय साल दिसायचं नाही. अन् साल कळल्याशिवाय काचेच्या कपाटावर तुमच्या मालकांचं नाव कसं लावू?"

मालक पंचेचाळीस साली लढाईवरून परतले ते ही बंदूक घेऊनच. इटलीत गोऱ्या साहेबानं बक्षीस दिली, असं सांगायचे. गाव मात्र जन्मभर हसत राहिलं, की जुन्या बाजारातून आणली असेल. जातानाही त्यांच्या मनात तेवढं एक कुसळ राहिलं होतं.

"राहू द्या, वहिनी," सोबत आलेले दीर रंगराव मिशीत हसले. "झाकली मूठ सव्वा लाखाची."

हे ऐकलं मात्र, हौसाबाईंनी फडकं ओढून घेतलं आणि वर्षानुवर्षांचा तेला-कुंकवाचा थर स्वतःच पुसून काढला.

अधिकाऱ्यानं भिंग धरलं. "हा इटलीच्या सरकारी कारखान्याचा मुकुटाचा छाप, म्हणजे तिथलीच. साल एक, नऊ, चार..."

हौसाबाई टेबलावर वाकल्या. सेहेचाळीस निघालं, तर मालक खोटे.

"...आणि एक. एक्केचाळीस!" तो हसला. "तुमच्या तेलामुळं गंजही नाही. हौशी माणूस सव्वा काय, तीन लाख देईल."

रंगरावांनी टोपी काढून डोकं खाजवलं. हौसाबाईंच्या छातीवरचं जातं उतरलं.

"विकायची नाही, साहेब," त्या म्हणाल्या. "पाटीवर नाव तेवढं मोठ्या अक्षरात लिहा. आमच्या भावजींना बारीक दिसत नाही."