चौदा व्होल्टांचा पाठ

जे सांगितल्याने प्रिय माणसाचे मन मोडेल, ते पोटातच ठेवणे ही माया की वंचना, याचा निवाडा ज्ञानी जनांनाही सहजी करता आलेला नाही. मास्तर असेच काही पोटात ठेवून आहेत, याविषयी मास्तरीणबाईंना आता शंका उरली नव्हती.

अंगणात त्यांची कॅम्पर व्हॅन उभी होती; आत बिछाना, शेगडी, छोटा फ्रिज. निवृत्तीनंतर ती घेण्याचा हट्ट बाईंचाच. पण प्रत्येक प्रवासाहून मास्तर उतरत ते पांढरेफटक होऊन. वाटेत अन्नाला नको म्हणत, पाठमोरे होऊन गोळी गिळत. विचारले तर वयावर ढकलत. आणि हल्ली त्यांनी एकच ध्यास घेतला होता: गाडीची वीज बाईंना एकटीने सांभाळता यावी. तंत्रशाळेत जन्म गेलेला माणूस. घरच्या विद्यार्थिनीलाही सवलत नव्हती.

त्या सकाळी इंजिन कण्हत कसेबसे सुरू झाले. मास्तर स्टुलावर हाताची घडी घालून बसले.

"मी नाहीच असं समज," ते म्हणाले.

बाईंच्या काळजात चर्र झाले. तरी त्यांनी मीटर उचलला. इंजिन चालू असता बॅटरीवर चौदाच्या आसपास व्होल्ट दिसायला हवेत. आकडा बारावरच अडून बसला होता. अल्टरनेटरचा पट्टा चाचपला, तो ताठ होता. मग मीटर थेट अल्टरनेटरवर लावला. तिथे पुरते चौदा! म्हणजे वीज निर्माण होत होती, वाटेत अडत होती. जाड तारेवरून बोट फिरवीत त्या बॅटरीपर्यंत आल्या. रबरी टोपीखाली जोडावर हिरवट बुरा साचला होता.

हात लावण्यापूर्वी काय करायचे, असे मास्तरांनी विचारलेच.

"इंजिन बंद केलंय, ऋण तारही आधी सोडलीय. विद्यार्थी जन्मभर तपासलेत, आता जरा बायकोवर विश्वास ठेवा."

त्यांनी जोड खरवडून लख्ख केला, नट आवळला, तार परत जोडली. इंजिन सुरू होताच बॅटरीवरचा आकडा चौदावर जाऊन स्थिरावला.

मास्तरांनी दीर्घ निःश्वास सोडला. "सुटलो. आता मी नसलो तरी तुझं अडणार नाही."

बाईंनी मीटर खाली ठेवला. इतके दिवस आवरून धरलेले पाणी डोळ्यांत आलेच.

"अहो, डॉक्टर काय म्हणाले ते खरं सांगा. किती दिवस उरलेत?"

मास्तर आधी गोंधळले, मग कानांच्या पाळ्यांपर्यंत लाल झाले.

"कसले दिवस? मला गाडी लागते गं. लग्नाच्या आधीपासून. तुझा एवढा जीव प्रवासात, सांगणार कसं? पुढच्या खेपेपासून तुझ्या धाकट्या बहिणीला घेऊन जात जा."

बाईंच्या चाकांना मोकळी वाट लाभो, आणि मास्तरांच्या पायांखालची भूमी सदैव स्थिर राहो.