कडूबाची नजर

"काच काढावी लागेल," बद्रीनाथ म्हणाला.

नंदाबाईंनी फ्रेम उराशी धरली होती. एकवीस वर्षांत ती उघडली नव्हती, उघडायचे काही कारण नाही, असे त्यांचे म्हणणे पडले. बद्रीनाथचे म्हणणे असे की, काचेवरून स्कॅन केले तर प्रकाश दोनदा परावर्तित होतो आणि कडा पुसट होतात. शेवटी शिवाजीनेच आईच्या हातून फ्रेम सोडवून घेतली आणि मागचे खिळे उचकटले.

बद्रीनाथ भौतिकशास्त्राचा पदवीधर. अंबडच्या बसस्थानकामागे त्याचे व्हिडिओ मिक्सिंगचे दुकान होते. शिवाजीच्या लग्नाची कॅसेट मात्र दुसरीकडे झाली होती. आरंभी दिवंगत वडिलांचा फोटो हवा, म्हणून तिथल्या माणसाने भिंतीवरच्या फ्रेमसमोर नुसता कॅमेरा धरला होता. पडद्यावर कडूबा म्हणजे पांढऱ्या फेट्याखालचा एक डाग होता.

तो डाग पुष्पाबाईंनीही पाहिला. पुष्पाबाई या कडूबाच्या पहिल्या बायकोची मुलगी, बदनापूरला दिलेली. बाप, म्हणजे त्यांचा दादा, गेल्याचा निरोप त्यांना तिसऱ्या दिवशी मिळाला. त्या पोचल्या तेव्हा राख सावडून झाली होती. सगळी जमीन नंदाबाई आणि शिवाजीच्या नावे करणाऱ्या मृत्युपत्रावर कडूबाचा अंगठा होता. त्याविरुद्ध पुष्पाबाईंचा दावा अंबडच्या कोर्टात अकरा वर्षे चालू होता. कॅसेट पाहून त्या शिवाजीला म्हणाल्या होत्या, "मला दादाचे डोळे दिसू दे. अंगठा देऊन बसलेला माणूस कसा बघून राह्यला, तेवढं बघते अन् दावा काढून घेते."

नंदाबाईंची हकीकत साधी होती. अंगठा दिला त्याच दिवशी कुंभार पिंपळगावहून फोटोग्राफर बोलावला. त्यानंतर आठ दिवसांनी कडूबा गेला. त्याचा हा एकुलता एक फोटो.

बद्रीनाथने भिंगातून पाहिले. कृष्णधवल, पोस्टकार्डाएवढा. वैशाखातले समोरून येणारे ऊन. मध्ये खुर्चीत कडूबा. छातीवरून काखेखाली घट्ट घेतलेले उपरणे, डावा हात गुडघ्यावर उताणा, अंगठ्याला शाई. शेजारी ठसठशीत कुंकू लावलेल्या नंदाबाई, कडेवर तान्हा शिवाजी. मागे दोन साक्षीदार. उन्हामुळे सर्वांचे डोळे बारीक झालेले. कडूबाचे मात्र टक्क उघडे.

"दादा उन्हाला भीत नव्हते," शिवाजी अभिमानाने म्हणाला.

पापण्यांची प्रतिक्षिप्त क्रिया स्वभावावर अवलंबून नसते, हे बद्रीनाथला ठाऊक होते. पण गिऱ्हाइकाशी त्यावर वाद घालण्याचे कारण नव्हते.

त्याने शिवाजीला एवढेच समजावले की टीव्हीची चौकट सातशेवीस ठिपके रुंद असते. चेहऱ्याने ती भरायची तर तितके ठिपके मूळ स्कॅनमध्येच हवेत. नसलेले ठिपके संगणक अंदाजाने भरतो, आणि त्या अंदाजालाच लोक धूसर फोटो म्हणतात. म्हणून इंचाला बाराशे ठिपके घ्यायचे. वेळ लागेल, पण फोटोत जे आहे ते सगळे दिसेल.

"तोंडाजवळ नका नेऊ, बाबा," नंदाबाई म्हणाल्या. "नजर लागती."

"मावशी, गेलेल्या माणसाला नजर कशी लागेल?"

शिवाजी हसला. नंदाबाई हसल्या नाहीत. "अंगठ्यापस्तोर ठेवा. कामाचं तेवढंच हाय. न्हाईतर आधीची कॅसेट काय वाईट व्हती?"

बद्रीनाथने अंधश्रद्धेशी आणखी बोलणे टाळले. जाताना नंदाबाईंनी अंबडला वीज कधी जाते, असे विचारले. दोन ते पाच, पण दुकानात इन्व्हर्टर आहे, असे त्याने सांगितले. त्यांनी मान हलवली.

त्याने फोटोवरून चित्र कसे सरकत जाईल त्याचा मार्ग आखला. आधी पूर्ण फोटो, मग अंगठा, तिथून हातावरून वर, छाती, आणि शेवटी डोळ्यांवर पाच सेकंद स्थिर. त्याच्या संगणकावर कच्चा नमुना जाड चौकोनांत दिसे; त्यात त्याने फक्त गती तपासली. पक्के चित्र तयार व्हायला सहा तास लागणार होते. संगणक चालू ठेवून तो घरी गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघेही आले. पुष्पाबाईंनी वकिलाकडून टाइप करून आणलेला अर्ज मांडीवर ठेवला आणि चष्मा पुसला. नंदाबाईंनी दाराजवळचे स्टूल धरले.

टीव्हीवर पूर्ण फोटो आला.

"मावशे, तुझं कुंकू केवढं गं मोठं," पुष्पाबाई सावत्र आईला म्हणाल्या.



चित्र अंगठ्याकडे सरकले. शाई स्वच्छ दिसत होती. पेरावरून खाली ओघळलेलीसुद्धा. शिवाजीने सुस्कारा सोडला. पुष्पाबाई बराच वेळ पाहत राहिल्या, मग त्यांनी पेनाचे टोपण काढले.

"दिला मंग दादानं," त्या हळू म्हणाल्या आणि अर्जावर सहीचे पहिले अक्षर काढले.

चित्र वर चढू लागले. बद्रीनाथ स्पष्टता तपासत होता. उपरण्याचा धागा न् धागा सुटा दिसत होता. काखेखालून मागे गेलेल्या त्याच्या टोकाची गाठ खुर्चीच्या दांडीला होती. मिशा, गाल, सुरकुत्या, सगळीकडे जुन्या फिल्मचे दाणे खसखशीसारखे सारखे पसरले होते.

दाराजवळचे स्टूल रिकामे झाले होते.

चित्र डोळ्यांवर स्थिर झाले. तिथे दाणे नव्हते. तिथे कुंचल्याच्या केसांचे बारीक फराटे होते, आणि त्या पांढऱ्या-काळ्या रंगाच्या पातळ थराखाली कडूबाच्या दोन्ही पापण्या मिटलेल्या होत्या.