नावापुढची लाल खूण

माझ्या लेकीला, शेवंताला मुलगी झाली, त्याच वर्षी मी लिहायला-वाचायला शिकलो आणि बिल्डिंगच्या साईटवर स्टोअर सांभाळू लागलो. कामगाराला सेफ्टी बेल्ट दिला की टॅबवर त्याच्या नावापुढे लाल खूण यायची. बेल्ट परत आला की ती हिरवी व्हायची.

एका संध्याकाळी सगळे खाली उतरले, तरी माझ्या जावयाच्या, रोहिदासच्या नावापुढे लालच होतं. फोन लागेना. वारा सुटला होता. त्याला हाका मारत मी अकरा मजले चढलो. प्रत्येक मजल्याच्या कडेवरून खाली बघत होतो.

तो सापडला घरी, पत्र्याच्या खोलीत. बेल्टच्या दोराने साडीची झोळी टांगून आपल्या तान्ह्या लेकीला झोके देत होता.

"जावईबापू, जीव घेता काय माझा?"

"मामा, झोळीचा दोर तुटला हो. आज झोपू द्या तिला. सकाळी आणतो बेल्ट."

सकाळी टॅबवर लाल खूण तशीच होती. या वेळी मला तिचा धीर वाटला. बेल्ट घालून तो थेट वर गेला असेल, असं मी धरून चाललो.

दुपारी शेवंता माझा डबा घेऊन आली. तिच्या कडेवर बाळ नव्हतं.

"पोरगी कुठंय?"

"झोळीत झोपलीय, आबा. शेजारीण बघतेय. तुमचा बेल्ट लई भक्कम आहे बघा."

मी बाहेर धावलो आणि वर बघून ओरडलो, "रोहिदास, जागचे हलू नका!"

माझा जावई रोहिदास नागपंचमीच्या आदल्या दिवशी, दुपारी, अकराव्या मजल्यावरून पडून वारला.