शलमोनकाकांचा डबा

एका रविवारी चर्चमध्ये पाळकसाहेबांनी सांगितलं, माणूस विश्वासानं नीतिमान ठरतो. पुढच्या रविवारी म्हणाले, कृत्यांवाचून विश्वास मेलेला. केडगावचे शलमोनकाका धास्तावले. विश्वास त्यांचा पक्का होता, पण चांगली कृत्यं सगळी बायकोनं, सुवार्तानं केलेली, आणि ती तर वर्षापूर्वीच प्रभूघरी गेली. तिथं तिची गाठ पडायची, तर आता आपणच हात हलवायला हवेत, म्हणून ते आयुष्यात पहिल्यांदा गॅसपुढे उभे राहिले आणि शेजारच्या आजारी दौलतभाऊंना रोज डबा नेऊ लागले.

महिन्यानं त्यांनी भीतभीत विचारलं, "दौलतभाऊ, हे देवापर्यंत पोचत असंल का?"



"पोचतंय की. मी जन्मात कधी प्रार्थना केली न्हवती. आता डबा उघडायच्या आधी एक करतो, आन जेवल्यावर लगेच दुसरी."