नवऱ्यासाठी अर्ज

सन १८८७. कोपरीच्या मॅग्डलीनचा नवरा सिल्वेस्टर ठाण्याच्या कचेरीत कारकून होता. पाखरं उठायच्या आधी घर सोडायचा, पाखरं निजल्यावर परतायचा. रविवारीसुद्धा चर्चमधली मिस्सा चुकवून दप्तरापुढे बसायचा.

लेकीचं लगीन चार दिवसांवर आलं, तेव्हा मॅग्डलीन कचेरीबाहेर अर्ज लिहिणाऱ्या दाजींपुढे जाऊन बसली.

“लिवा दाजी. तीन वरसं झाली, नवरा उजेडात घरी दिसला नाय. लेकीच्या लग्नापुरता तरी मिळावा.”

“अगं, हा अर्ज जाईल तो तुझ्या नवऱ्याच्याच टेबलावर!”

“म्हणून तर! घरात बोललेलं त्याला ऐकू येत नाय. कागद तेवढा वाचतो.”

अर्ज आत गेला. सिल्वेस्टरने तो मन लावून वाचला. खालचं नाव बघायला सवड नव्हती, पण त्या बाईची त्याला फार कीव आली. बिचारीला खेपा नकोत म्हणून त्याने त्याच दुपारी शेरा मारून कागद बाहेर पाठवला.

दाजींनी तो मोठ्याने वाचून दाखवला.

 

“नवरा हयात असल्याचा दाखला जोडावा.”