भिंतीच्या दोन्ही बाजूंची गाडी

“त्या गाढवाला सांग, इंजिनाची बैठक दोन बोटं मागे घे. नाहीतर चेन सुटेल,” लेआर्को म्हणाला. भिंतीपलीकडे ऐकू जावं इतक्या मोठ्यानं.

ऑर्नेल्ला बाहेर पडली, बारा पावलं चालली आणि शेजारच्या दारातून आत शिरली. तिथं लेआर्कोचा धाकटा भाऊ नेव्हिओ वेल्डिंग करत होता. तिनं गाढव तेवढं वगळून निरोप सांगितला. त्या शहाण्याला चेन कशाशी खातात ते तरी ठाऊक आहे का, असं नेव्हिओनं विचारलं. ऑर्नेल्ला पुन्हा बारा पावलं चालली.

फाएन्झा गावाच्या आसपास या झात्तोनी भावांसारखे मेकॅनिक नव्हते. इंजिन लेआर्कोनं करावं, चासी, म्हणजे गाडीचा सांगाडा, नेव्हिओनं. वडिलांचं गॅरेज एकच होतं. वडील वारल्यानंतर एका शर्यतीत दोघांची गाडी मध्येच बंद पडली, त्यांनी एकमेकांवर खापर फोडलं आणि गॅरेजच्या मधोमध भिंत उभी राहिली. त्याला नऊ वर्षं झाली. दर रविवारी त्यांची आई आर्जिया एकाला बाराला जेवू घालायची, दुसऱ्याला दोनला.

गेल्या हिवाळ्यात म्हातारी पडली. हाड जुळलं, पण ती खाट सोडेना. टपाल वाटणारी ऑर्नेल्ला रोज घडीभर तिच्याजवळ बसायची. एकदा बोलता बोलता तिनं मनातलं सांगितलं. चाळिशी उलटली तरी स्वतःची मोटारसायकल घ्यायची राहून गेली होती. तिची उंची बेताची, बाजारातल्या एकाही गाडीवरून पाय जमिनीला टेकत नव्हते.

आर्जिया उशीवरून उठून बसली.

“मग बांधून घे. इंजिन थोरल्याकडून, चासी धाकट्याकडून. दोन्ही जुळवायची तर बोलावंच लागेल मेल्यांना.”

फेब्रुवारीत काम सुरू झालं. लेआर्कोनं जुनं पाचशे सीसीचं इंजिन मिळवलं आणि ऑर्नेल्लाला त्याचे व्हॉल्व्ह हातानं घासायला बसवलं. नेव्हिओनं तिला फळीवर बसवून टाचेपासून गुडघ्यापर्यंत माप घेतलं, मग लोखंडी नळी कापून तिच्या हाती कानस दिली. ओबडधोबड झालं की दोघंही परत करायला लावायचे. तिची नखं काळी झाली. टपाल देताना लोक तिच्या हातांकडे बघायचे, आणि तिला त्याचा अभिमान वाटायचा.

निरोप काही थांबले नाहीत. लेआर्को भावाला लोहाराचा हेला म्हणायचा, नेव्हिओ त्याला तेलकट पोप. संध्याकाळी ऑर्नेल्ला सगळं आर्जियाला सांगायची आणि म्हातारी पुढची चाल रचायची. मार्चमध्ये ती खिडकीशी येऊन बसू लागली. एप्रिलमध्ये जिना उतरली. मे महिन्यात तिनं स्वतः पीठ लाटून सारणाच्या कापेलेत्ती केल्या आणि दोघांसाठी मुद्दाम एकाच पातेल्यात भरून पाठवल्या. ऑर्नेल्लाला त्या दोन ताटल्यांत वाटून द्याव्या लागल्या.

“अजून ताठच आहेत तर,” आर्जिया म्हणाली. “बघते मी.”

इंजिन चासीत बसवायच्या दिवशी तरी दोघं समोरासमोर येतील, अशी ऑर्नेल्लाला आशा होती. लेआर्कोनं तिला कॉफी पिऊन यायला सांगितलं. ती आली तेव्हा इंजिन बसलं होतं. साखळीनं वर उचलून एकट्यानंच बसवलं, असं तो म्हणाला.

जूनमध्ये गाडी उभी राहिली. हिरवी टाकी, बुटकी सीट, हँडल जरा मागे ओढलेलं. ऑर्नेल्ला बसली आणि तिची दोन्ही पावलं जमिनीवर सपाट टेकली. पहिल्याच किकला इंजिन बोललं. टेकडीकडच्या रस्त्यानं द्राक्षमळे मागे पडत गेले. वळणावर गाडी तिच्या मनाआधी वळत होती. आपण भाऊ जुळवायला निघालो होतो हेही ती क्षणभर विसरली.

मग तिच्या ध्यानात आलं की गाडीचे कागद गॅरेजमध्येच राहिले. ती उतारावर इंजिन बंद करून मागच्या गल्लीनं आली.

नेव्हिओच्या टेबलाशी दोघं भाऊ एकच पियादिना रोटी अर्धी अर्धी तोडून खात बसले होते. त्यांच्या मागे, एरवी दोन्हीकडून पत्रे टेकवून ठेवलेले असायचे तिथं, भिंतीत माणूस जाईल एवढं दार पाडलेलं होतं, आणि त्याच्या कडांवरचा गिलावा वाळूनही बरेच दिवस झाले होते.

“कधीपासून?” तिनं विचारलं.

“मार्चपासून,” लेआर्को म्हणाला. “तुझ्या इंजिनाची बैठक नुसत्या निरोपांवर जुळेना. गेलो एकदा पलीकडे.”

“आणि त्या शिव्या?”

“रोज सकाळी बसून ठरवायचो,” लेआर्कोनं भावाकडे बोट दाखवलं. “चांगल्या चांगल्या त्याच्या आहेत.”

ऑर्नेल्लाला हसू फुटलं. ही बातमी आत्ताच्या आत्ता आर्जिया मावशीला सांगते म्हणत ती वळली. नेव्हिओ उठून दारात आडवा उभा राहिला.

“ती खाटेवरून उठली ते आमचं भांडण मिटवायला,” तो हळूच म्हणाला. “मिटलं म्हणून सांगितलंस, तर उद्या उठेल कशासाठी? तिला म्हणावं, दोघं अजून एकमेकांचं तोंड बघत नाहीत. पुढची गाडी कुणाला बांधायला लावायची, ते तिनंच ठरवावं.”