मंगळवारचं गिऱ्हाईक

आचारीबुवांनी वाडग्यातला पहिला चमचा तोंडात घेतला, डोळे मिटले आणि मान डोलावली. "वा, मावशी! आज अगदी जमलंय."

तोंडाला फक्त गरम लागलं होतं. त्यापुढे काही नाही. शेवया होत्या, भाजीचे तुकडे होते, दातांना ते कळत होतं. जिभेला मात्र कशाचाच पत्ता नव्हता. पाच आठवड्यांपूर्वी त्यांना ताप आला, चार दिवसांत उतरला, आणि जाताना वास आणि चव दोन्ही घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, हळूहळू येईल. मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, किंवा नाहीही येणार.

बुवा एका मोठ्या हॉटेलचे मुख्य आचारी. त्यांची सुट्टी मंगळवारी. नऊ वर्षं दर मंगळवारी ते या चार टेबलांच्या तिबेटी खाणावळीत येत होते. दार उघडल्या उघडल्या पहिलं गिऱ्हाईक तेच. ते थुक्पा मागवायचे. थुक्पा म्हणजे शेवयांचं गरमागरम सूप, खाणावळ चालवणाऱ्या मावशींच्या हातचं. आणि मागवून झालं की खुसपटं काढायचे. आलं फार पुढे पुढे करतंय. मीठ चिमूटभर कमी. हाडं अजून तासभर उकळायला हवी होती. मावशी एप्रनला हात पुसत उभ्या राहून सगळं ऐकायच्या, एक शब्द उलट बोलायच्या नाहीत आणि आत जाऊन तडक पातेल्याशी खटपट सुरू करायच्या. बुवांची बायको म्हणायची, "तुम्ही तिथे जेवायला जाता की तपासणीला?" बुवा मिशीत हसायचे. हॉटेलात मालकापुढे तोंड उघडायची सोय नव्हती. इथे निदान एक बाई त्यांचं मुकाट्याने ऐकून घेत होती. माणसाला तेवढंही पुरतं.

ताप गेल्यापासून मात्र बुवा नुसती तारीफ करत सुटले होते. गप्प बसलं तर संशय येणार. उगाच चूक काढली तर ती खोटी निघणार. खोटी तारीफ मात्र आजवर कुणी पकडलेली नाही, असा त्यांचा सरळ विचार. हॉटेलात तर त्यांनी याहून मोठं नाटक चालवलं होतं. हाताखालच्या लोकांना चाखायला लावायचं आणि मास्तरांच्या थाटात विचारायचं, "ओळखा पाहू, काय कमी आहे?" लोकांना वाटलं, बुवा वयाबरोबर मवाळ झाले, आता शिकवायला लागले. पण काल घाई होती. एक मोठं पातेलं कुणी न चाखताच बाहेर गेलं आणि सात टेबलांवरून ताटं परत आली. सगळं खारट. बुवांनी तिथेच ठरवून टाकलं. बुधवारी कामावर गेलं की मालकांना खरं सांगायचं आणि काम सोडायचं. पंचवीस वर्षांचं काम. घरी अजून अवाक्षर काढलं नव्हतं.

मावशी आज आत गेल्या नाहीत. समोरची खुर्ची ओढून बसल्या. नऊ वर्षांत त्या पहिल्यांदाच बुवांसमोर बसल्या होत्या.

"काय जमलंय नेमकं?"

"सगळंच," बुवा म्हणाले. "मीठ तर अगदी बेताचं."

"मीठ घातलेलंच नाही मी."

बुवांच्या हातातला चमचा हातातच राहिला. कानाच्या पाळ्या तापल्या. लाज वाटली, जमिनीत गडप व्हावं इतकी वाटली. आणि नवल म्हणजे, पाठोपाठ जरा बरंही वाटलं. पाच आठवडे हे ओझं ते एकटेच वागवत होते.

"गेली, मावशी," ते म्हणाले. "चव गेली माझी. उद्या नोकरीही सोडतोय. ज्याला स्वतःला काही कळत नाही, त्याने दुसऱ्यासाठी रांधायचं कशाला?"

"वाटलंच होतं मला," मावशी म्हणाल्या. "तुम्ही सलग पाच मंगळवार कौतुक केलंत. असं कधी होतं का? आणि हे पाच आठवडे लोक अर्धा वाडगा तसाच ठेवून उठतायत."

आता बुवांमधला आचारी जागा झाला. आवाजाला जुनी धार आली. "अर्धा वाडगा? मग माझी वाट कसली बघत बसलात? स्वतः चमचाभर चाखून बघायचं ना!"

मावशी हसल्या. मोठ्याने नाही, आपल्याशीच हसल्यासारख्या.

"चाखून काय करू? दहा वर्षांपूर्वी मलाही असाच ताप आला होता. माझी गेली ती परत आलीच नाही. सुनेला चाखायला लावत होते, पण त्या बिचारीला सगळंच छान लागतं."

बुवांनी मान वळवून पाहिलं. खिडकीपाशी सून टेबलं पुसत होती. आत पातेल्यावरचं झाकण थडथडत होतं. दहा वर्षं ही बाई रोज सकाळी ते पातेलं चढवत होती.

"मग एवढी वर्षं ही खाणावळ चालवलीत कशी?" त्यांनी हळूच विचारलं.

"तुमच्या जिभेवर, बुवा. मंगळवारी तुम्ही नाक मुरडून जायचात आणि पुढचा आठवडाभर मी तसं रांधायची. आता मात्र आपल्या दोघांना मिळून एखादं किरकिरं गिऱ्हाईक शोधायला हवं."